किमान दोघांसाठी

लेक अपघातात गेली, त्याला दोन महिने झाले, तेव्हा मी पहिल्यांदा त्या कोरियन खानावळीत गेले. दर शनिवारी ती "आई, चल ना गं" म्हणून मागे लागायची आणि मी म्हणायचे, "त्या रंगीत केसांच्या गाणाऱ्या पोरांचे फोटो बघत जेवायला मला काय वेड लागलंय?"

भिंतभर तेच फोटो होते. शेजारच्या टेबलावरच्या मुली त्यांचंच गाणं गुणगुणत होत्या. मी लेकीच्या आवडीचा, आंबवलेल्या कोबीचा रस्सा मागवला.

मालकीणबाई म्हणाल्या, "ताई, तो टेबलावरच मोठ्या भांड्यात उकळतो. एकट्यासाठी नाही देत आम्ही, किमान दोघं लागतात."

"माझी मुलगी तर एकटीच यायची." मी मोबाइलमधला तिचा फोटो दाखवला.

बाईंचा चेहरा खुलला. "अगंबाई, ही होय! ही एकटीच दोघांचा घ्यायची. पण आधी अर्धा डब्यात भरून घ्यायची, मगच स्वतःचा चमचा बुडवायची. म्हणायची, आईला उष्टं चालत नाही. आवडायचा ना हो तुम्हाला?"

दर शनिवारी तो डबा आमच्या फ्रिजमध्ये असायचा. "हिचं उरलंसुरलं मी खायचं होय?" म्हणत रविवारी सकाळी मी तो न उघडताच कचऱ्यात टाकायचे.

"खूप आवडायचा," मी म्हणाले. "दोघींचाच द्या. तिचा वाटा आधी डब्यात भरा."