शेजारची सायकल

“पेडल मारताय, की त्याच्यावर उपकार करताय?” शेजारच्या सायकलवरची बाई म्हणाली.

रेजाँने वळूनही पाहिलं नाही. जन्मभर सेंट लॉरेन्स नदीवर फेरीबोट चालवलेला माणूस, आणि आता इस्पितळाच्या व्यायामखोलीत जागच्या जागी चाक फिरवत बसायचं! पण सर्जनने स्पष्टच सांगितलं होतं. फुप्फुसातली गाठ काढता येईल, पण या अंगानं नाही. आधी व्यायाम, अंडी, मासे, प्रथिनांची पावडर. दम वाढला तरच ऑपरेशनच्या टेबलावर घेईन.

“मी ओदेत. पोटात गाठ. तुमची कुठं?”

“छातीत.”

“म्हणजे शेजारीच की!”

त्याला हसायचं नव्हतं, तरी हसू आलं.

खिडकीबाहेर दिवसभर बर्फ पडत असे. आत ऊब असायची, काचा धुरकट व्हायच्या. चाकांची घरघर ऐकता ऐकता डोळे मिटायला लागत. मग ओदेत म्हणायची, “चला, नदीनं खाली जाऊ.” आणि तो किनारे सांगत जायचा. इथं धुकं लागतं, इथं पाणी खारं व्हायला लागतं, तादुसाकला देवमासे वर येऊन श्वास सोडतात. ती डोळे मिटून पेडल मारायची. व्यायाम घेणारी नादिन येऊन हळूच त्याच्या चाकाचा भार वाढवून जायची, त्याला कळायचंही नाही.

एके दिवशी त्याने पावडरचा डबा ओदेतसमोर आदळला. “खडू खाल्ल्यासारखं लागतं! बायको गेल्यापासून सूप-पावावर जगलोय, त्यावरच मरेन. उद्यापासून येत नाही मी.”

ओदेतचे पाय थांबले. “मग मीही नाही येत.”

“तुम्ही का?”

“एकटीला भीती वाटते हो.”

एक बूट पायात, एक हातात, असा तो तसाच उभा राहिला.

“त्या अंड्यांचं काय करायचं असतं?” शेवटी तो गुरगुरला. “उकडायची, की तशीच गिळायची?”

ओदेत इतकी हसली, की तिला पोट धरून बसावं लागलं.

त्यानंतर तो तिच्या आधी येऊन बसू लागला. तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही आठवेना. जिने चढताना आता तो पुढे असायचा, ती कठडा धरून मागे.

“चल गं! हाडं दिसायला लागलीत तुझी. पावडर तुलाच जास्त हवी.”

“येते रे बाबा. तू हो पुढं.”

ऑपरेशन झालं. गाठ पुरती निघाली. गुंगी उतरल्यावर नादिनने त्याला उठवून चालवलं. व्हरांड्याच्या टोकाला, खिडकीतल्या पांढऱ्या उजेडात ओदेत बसली होती. तो तिच्या शेजारी टेकला, दम घेतला.

“झालं! आता तुझी पाळी. हिंडायला लागलो, की रोज येतो बघ तुझ्याबरोबर. तू एकटी नाहीस. तारीख कधीची दिलीय तुला?”

ओदेतने त्याचा हात हातात घेतला.

“तू पहिल्यांदा आलास ना, त्याच सकाळी डॉक्टरांनी सांगितलं होतं, गाठ पसरलीय, आता कापून उपयोग नाही,” ती म्हणाली. “मी त्या दिवशी फक्त नादिनचा निरोप घ्यायला आले होते.”