तपासणीची बाटली

"लघवी तपासावी लागेल," म्हणत संजीवनी सिस्टरनं नूतनच्या हातात प्लास्टिकची बाटली ठेवली. "चल, मी येते बरोबर."

नूतनच्या भुवईवर आत्ताच तीन टाके घातले होते. टाक्यांचा आणि लघवीचा काडीचा संबंध नव्हता. पण बाईला घरच्यांच्या नजरेआड न्यायला त्या आरोग्य केंद्रात जागा एकच होती, संडास. नवरा धनाजी फाटकात मोटारसायकलवर बसला होता. सासू चंद्राबाई मात्र प्रत्येक खेपेला सुनेला चिकटून, आज तर एवढ्या उकाड्यात पदर कानावरून घट्ट ओढून. सासू कसली, पहारेकरीणच! संजीवनीला तिचा संताप यायचा.

आत गेल्यावर संजीवनीनं नळ सोडला. पाण्याच्या आवाजात बोलणं बाहेर जात नाही.

"खरं सांग. केस पेपरवर काय लिहू?"

"पडले म्हनून लिवा."

सहा महिन्यांत नूतन तिसऱ्यांदा पडली होती. वेल्ह्याच्या डोंगरातल्या बायका पडतात तरी किती! गेल्या वर्षी मंगल नावाची एक अशीच दोनदा पडली. संजीवनीनं दोन्ही वेळा मुकाट्यानं तसं लिहिलं. तिसऱ्यांदा मंगलला चादरीत गुंडाळून आणलं. त्या दिवसापासून 'पडली' हा शब्द लिहिताना संजीवनीचा हात जड व्हायचा.

"भोरला तुझी राहायची सोय करते. आत्ताच, ॲम्ब्युलन्सनं. तू फक्त हो म्हण."

नूतननं बंद दाराकडं पाहिलं. "म्या गेले, तर मागं आत्याबाईंचं कसं व्हायचं?"

संजीवनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोकं फुटलंय आणि हिला काळजी सासूची! पण लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली. मार खाणारीवरच काय चिडायचं? तिनं नूतनच्या पाठीवरून हात फिरवला, नळ बंद केला आणि रिकामी बाटली घेऊन दार उघडलं.

चंद्राबाई दाराशीच उभी होती.

"बाई, तीन डाव तपासली तुमी," ती हळू आवाजात म्हणाली. "रिपोट एकदाबी आला न्हाई."

संजीवनीनं रिकामी बाटली पाठीमागं लपवली. आता ही लेकाला सांगणार. मग तो नूतनला मेली तरी इथं आणणार नाही.

चंद्राबाईनं फाटकाकडं पाहिलं. धनाजी मोबाईलमध्ये मान घालून बसला होता. तिनं कानावरचा पदर मागं सारला. कान सुजून काळानिळा पडला होता. गालावर लेकाची चार बोटं उमटली होती.

तिनं संजीवनीपुढं हात केला.

"मलाबी एक बाटली द्या."