अकराच्या सायकलीला दहाचा डिरेलर

आंबोली घाटाच्या चढावर गौरजाच्या सायकलीची चेन पुन्हा उडाली. तिची बॅग पाठीला लावून मागून स्कूटरवर येणाऱ्या निहारला तो कडकडाट ऐकू आला. हलक्या गिअरला टाकली की चेन शेजारच्या चकतीवर उडी मारायची, परत आणली की घसरायची. घाट लागेपर्यंत दुसऱ्या नंबरावर असलेल्या त्याच्या बहिणीला एकेक मुलगी मागे टाकत होती. पहिल्या तिघींना राज्याच्या संघात घेणार होते.

गौरजाची सायकल अकरा गिअरची. गेल्या आठवड्यात ती टेम्पोतून उतरवताना आपटली आणि मागचा डिरेलर, म्हणजे चेन या चकतीवरून त्या चकतीवर नेणारा भाग, मोडला. निहारने आपल्या जुन्या दहा गिअरच्या सायकलीचा काढून तिथे बसवला. सावंतवाडीची डेलिशा, गौरजाची मैत्रीण, तीही याच शर्यतीत. तिने फोनवर सांगितलं होतं, "माझ्याकडे अकराचो जादा आसा, घेवन जा. दहाचो चलाचो नाय."

निहारला ते झोंबलं. "घरात वस्तू असताना दुसऱ्याच्या दारात कित्याक जावचा? दहा काय नि अकरा काय, कंपनी एकच मगे."

बोल्ट तर चपखल बसला. वाडीच्या सपाट रस्त्यावर मधले गिअर लोण्यासारखे पडत होते. घाटात लागतात ते टोकाचे गिअर त्याने तपासलेच नाहीत. खरं म्हणजे तपासायचा धीर झाला नाही. पुण्याची नोकरी गेल्यापासून तो घरी बसून होता आणि "जेवूक ये" यापलीकडे भाई, त्याचे वडील, त्याच्याशी बोलत नव्हते. काल संध्याकाळी त्याच भाईंनी अंगणात सायकलीपुढे नारळ ठेवला, वाडीतली माणसं बोलावली आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा महाराजा, माझ्या झिलान, ह्या निहारान, आपल्या हातान सायकल बरी केल्यान हा. ती घाट चढांदे रे महाराजा."

"होय महाराजा," सगळे म्हणाले. ऐन वेळी कुठूनशी धावत आलेली, हातात ओढणीची गुंडाळी धरलेली गौरजा तेवढी अंमळ उशिरा म्हणाली. निहारची मान त्या क्षणी जी ताठ झाली होती, ती आता घाटात हँडलवर वाकली होती.

गौरजा वर पोचली तेव्हा बक्षिसं वाटून होत आली होती. वर वाट बघत थांबलेले भाई पुढे झाले. "काय झाला गो?"

"पायात गोळो इलो," ती म्हणाली. चेनीबद्दल अवाक्षर नाही.

भाईंनी निहारच्या पाठीवर हात ठेवला. "तुझा काय चुकला नाय रे. तुया तुझा काम चोख केलंस." असं कौतुक कुणाच्या वाट्याला येऊ नये. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात गळ्यात पदक घातलेली डेलिशा आली. तिने सायकलीच्या मागच्या चाकाकडे पाहिलं, मग गौरजाकडे. ती काही विचारणार, त्याच्या आत गौरजाने निहारच्या पाठीवरून आपली बॅग उतरवून घेतली. आतून जुन्या ओढणीत गुंडाळलेला एक डिरेलर काढला आणि डेलिशाच्या हातात ठेवला.

"काल तुझ्याकडसून घेवन इलंय खरा, पण लागलो नाय गो," ती म्हणाली. "दादान बसवलेलो तोच बरो चल्लो."