गाडी वळवा

बायको जाऊन चार महिने झाले. औषधांच्या कारखान्यात ती पॅकिंगची मुख्य होती आणि मी तिथलाच ट्रक ड्रायव्हर. एकदा माल भरून निघालो, तर तासाभरात तिचा फोन.

"अहो, गाडी वळवा. लहान मुलांच्या औषधावर मोठ्यांच्या डोसचं लेबल गेलंय. माझ्याच नजरेतून सुटलं."

"अगं, मालकांना कळलं तर तुझी खुर्ची जाईल."

"त्यांना आत्ताच सांगून आले. माझं काय ते देव बघेल. तुम्ही आधी वळवा."

घरीदारी तिचंच चालायचं. मी गाडी वळवली.

खुर्ची गेलीच. दुसऱ्या दिवसापासून ती इतर बायकांबरोबर लेबलं लावायला बसली. पण काही अडलं की बायका नव्या साहेबाला सोडून तिलाच विचारायच्या. रोज संध्याकाळी ती हात जोडून बसायची. मला वाटायचं, खुर्ची परत मागतेय.

वर्षाने मालक स्वतः घरी आले. म्हणाले, "बाई, उद्यापासून तुमची जागा तुम्हीच सांभाळा. तुम्ही हो म्हटल्याशिवाय तिथे कोणी खोकंसुद्धा बंद करत नाही."

ते गेल्यावर मी म्हणालो, "ऐकलं एकदाचं तुझ्या देवाने!"

ती हसली. "अहो, ते मागायचं राहूनच गेलं. त्यातली एकही बाटली कुणा लेकराच्या तोंडाला लागली नाही, त्याचे आभार मानण्यातच वर्ष गेलं."