फुगलेली बॅटरी

"फुगली!" सुनेने एक नंबरची बॅटरी उचलली आणि तिचं तोंड एवढंसं झालं.

प्रयोगशाळेत सगळ्यांनीच काय ते ओळखलं. चार्ज होताना सिलिकॉन फुगतं. त्याच्या बारीक कणांवर कार्बनचं वेष्टण चढवून त्याला आवरायचं, हाच तर सुनेचा कित्येक वर्षांचा खटाटोप! शेजारच्या टेबलावर तिच्या सासूबाई. त्यांची उभी हयात ग्रॅफाइटच्या बॅटऱ्यांमध्ये गेलेली. जिची बॅटरी टिकेल तिचं काम पुढे चालेल, दुसरीचं टेबल बंद, असं संचालकांनी सांगून टाकलं होतं. पक्षपात नको म्हणून कुठला नंबर कुणाचा, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. पण आता सांगायची गरजच काय उरली होती?

सासूबाईंचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, आज शहाणपणाने घरीच थांबला होता.

दोन नंबरची बॅटरी मात्र ठणठणीत होती.

"आई, अभिनंदन," सून म्हणाली. "मी टेबल आवरायला घेते."

"घरी पसारा पडलेला असतो, तेव्हा नाही गं सुचत ही आवराआवर!"

सगळे हसले. सूनही हसली, पण तिचे डोळे भरून आलेच. हरल्याचं एवढं काही नव्हतं. उद्यापासून हे काम हातात नसणार, याचं तिला फार वाईट वाटत होतं.

"टिकलेली बॅटरी फोडून बघितल्याशिवाय निकाल नाही," सासूबाई म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम."

"बाईंना मिरवायचंय," तंत्रज्ञ कुजबुजला.

बघायचं ते सोपं होतं. पूर्ण चार्ज झालेलं ग्रॅफाइट चक्क सोनेरी दिसतं. सुनेचं सिलिकॉनचं मिश्रण काळं ते काळंच राहतं.

सासूबाईंनी काचेच्या बंद पेटीला जोडलेल्या रबरी हातमोज्यांत हात घातले. आत ठेवलेली, पूर्ण चार्ज केलेली दोन नंबरची बॅटरी कापली आणि चिमट्याने तिच्यातली पट्टी उलगडायला घेतली. सून पाठ फिरवून उभी राहिली. तिला ते सोनं बघवणार नव्हतं.

मागे सगळे पेटीभोवती गोळा झाले.

"अगं वेडाबाई, वळ इकडे!" सासूबाई जवळजवळ किंचाळल्याच. "काळी आहे! काळीकुट्ट!"