हलगीच्या आड

पाटणच्या शिवतेजनं घिस्सा डाव मारला, आटपाडीचा रविराज पाठीवर आला, आणि नेमक्या त्याच घडीला निवेदक हंबीररावआण्णांचा आवाज गेला. तोंड उघडं, माईक चालू, आणि घशातून नुसती हवा.

शेजारी उभ्या तात्याची हलगी कडाडली. दहा हजार माणसांना वाटलं, आण्णा मुद्दाम थांबलेत. तेवढ्यात हंबीररावांनी कोमट पाण्याचा घोट घेतला, छाती भरून श्वास ओढला आणि गर्जले, "चितपट!" टोप्या उडाल्या. शिवतेजला लोकांनी खांद्यावर घेतलं.

येत्या सोमवारी मिरजेत हंबीररावांच्या घशाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. जीव वाचेल म्हणाले, आवाज राहणार नाही. मैदानाला जाऊ नका, असंही बजावलं होतं. हंबीररावांनी गुणी पोरासारखी मान डोलावली होती आणि आज सकाळी उठून फेटा बांधला होता.

सातारा-सांगलीकडं यात्रेचं कुस्तीमैदान म्हटलं की निवेदनाला आण्णाच लागत. हातात कागद नाही, चिठ्ठी नाही. पैलवान आखाड्यात उतरला की त्याचं गाव, तालीम, वस्ताद, बापाचं नाव, सगळं तोंडपाठ. लोक तोंडात बोट घालायचे. आणि एखादं नाव ऐनवेळी जिभेवरून निसटलं, तर आण्णांच्या डाव्या हाताचं बोट किंचित हलायचं. लगेच तात्याची हलगी उठायची, ती नाव आठवेपर्यंत थांबायची नाही. अलीकडं बोट हलवायचीही गरज पडत नव्हती. आज तर तात्यानं सात वेळा सांभाळून घेतलं होतं. हंबीररावांनी मोजलं होतं.

यात्रा कमिटीचे अध्यक्ष लालासाहेब घाईघाईनं टेबलाशी आले. हातात चिठ्ठी होती.

"आण्णा, एवढं आभार मानलं, की मैदान संपलं. बावीस नावं हायती. एक बी सुटू देऊ नका, न्हाई तर रुसवंफुगवं माझ्या डोक्यावर येत्यात."

हंबीररावांनी चिठ्ठी वाचली. घशात आता मोजकीच वाक्यं उरली असतील. चिठ्ठीत सगळे होते. मांडववाला होता, पाण्याचा टँकर देणारा होता, फोनवरून मैदान लाईव्ह दाखवणाराही होता. हलगीवाला नव्हता. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली आणि खिशात टाकली.

"आवं, वाचा की!" लालासाहेब म्हणाले.

"मंडळी, बसून घ्या," हंबीरराव माईकवर म्हणाले. "एक पैलवान राहिलाय."

धूळ झटकत उठलेली माणसं परत बसली. तात्यानं सवयीनं हलगी खांद्याला नीट केली.

"तात्या, ती खाली ठेव. आखाड्यात उतर."

"मी?"

"तूच."

तात्या बिचकत तांबड्या मातीत उतरला. काय करावं सुचेना, म्हणून हात जोडून उभा राहिला.

"मंडळी, माझी जीभ लई वेळा अडखळली. तुमाला कवा कळलं न्हाई, ते ह्याच्यामुळं." हंबीररावांनी श्वास घेतला आणि नेहमीच्या थाटात सुरुवात केली. "गाव..."

पुढं शब्द नव्हता. घसा नव्हता अडला, माहितीच नव्हती. डावं बोट आपोआप हललं. हलगी टेबलाशेजारी जमिनीवर गप्प पडली होती. तीन पिढ्यांचे पैलवान पाठ असणाऱ्या हंबीररावांना, सव्वीस वर्षं कोपराला कोपर लावून उभ्या राहिलेल्या माणसाचं गाव ठाऊक नव्हतं. धड नावही ठाऊक नव्हतं. शरमेनं त्यांचे कान तापले. पण आज लपायला हलगी नव्हती, आणि लपायचंही नव्हतं.

"तात्या, नाव काय रं तुझं?" त्यांनी माईकवरच विचारलं.

कुणीतरी हसलं.

"नानासो. नानासो आवळे."

"गाव?"

"सावळज. कामाला कुपवाडला असतो, फौंड्रीत."

"वस्ताद?"

तात्या जरा घुटमळला. "आई. बा लवकर गेला, आण्णा. आईनं परातीवर हात बसवला माझा."

"तिचं नाव?"

"रंगूबाई."

हंबीररावांनी फेटा सारखा केला. या माणसाचे उपकार फेडायला हाताशी एवढंच होतं, आणि तेही आजच्यापुरतं. त्यांनी होतं नव्हतं ते सगळं घशात गोळा केलं.

"गाव सावळज! वस्ताद, रंगूबाई आवळे! आन् पैलवान... नानासो... आवळे!"

शेवटचं अक्षर फाटलं, पण मैदानाच्या टोकापर्यंत पोचलं.

नाव घेतलं की हलगी वाजते, ही मैदानाची रीत. सगळे कान लावून बसले. काहीच वाजलं नाही. वाजवणारा मातीत उभा होता, डोळे पुसत.

हंबीररावांनी माईक टेबलावर ठेवला. वाकून हलगी उचलली, खांद्याला अडकवली. उभ्या जन्मात त्यांनी तिला हात लावला नव्हता. पहिलाच ठेका चुकला. दुसरा त्याहून वाईट पडला. पुढच्या रांगेतले लोक एकमेकांकडं बघू लागले.

तात्याला ते बघवेना. तो मातीतून धावत वर आला, टेबलावरचा माईक उचलला. उभ्या जन्मात त्यानंही त्याला हात लावला नव्हता.

"बोला, बजरंगबली की..."

"जय!" दहा हजार गळ्यांतून एकदम आलं. तात्यानं दम खाल्ला नाही. पुन्हा ओरडला, पुन्हा.

हंबीरराव मनसोक्त वाजवत राहिले. त्या गजरात त्यांचा एकही चुकलेला ठेका कुणाला ऐकू आला नाही.