कुणाला सांगू नकोस

"घरी मुलीला जे जे देता, ते सगळं घेऊन या," असं डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलं होतं. दवाखान्यात आईने पर्समधली बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली. खेळणाऱ्या मुलांसाठीच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, चघळायच्या. पोरगी धावण्याच्या संघात गेली तेव्हापासून चालू होत्या.

"तू देतेस हिला गोळ्या?" नवरा उडालाच.

आईचे कान तापले. गोळ्या खाऊन कुणी पळतं का, म्हणत याच माणसाने तिची खिल्ली उडवली होती. म्हणून तर ती बाटली साखरेच्या डब्यामागे लपली होती. आता बोलणी खावी लागणार, या तयारीने ती बसली. पण नवऱ्याने घसा खाकरला, खिशात हात घातला आणि दुसरी बाटली काढली.

"प्रशिक्षकांनी सुचवल्या. मैदानावर सोडताना देतो. एवढं हसल्यावर तुला कुठल्या तोंडाने सांगणार?"

"कमाल आहे रे बाबा तुमची!" मागून सासूबाई कडाडल्या. "पोटच्या पोरीला चोरून गोळ्या चारता?" आणि लगेच मांडीवरची पिशवी त्यांनी पोटाशी ओढली.

"पिशवीत काय आहे, आजी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

तिसरी बाटली बाहेर आली. "सूनबाईला आवडायचं नाही, म्हणून आपलं..." सासूबाई पुटपुटल्या.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावून तिन्ही बाटल्या फिरवून वाचल्या. "नावं वेगळी, आत सगळं तेच. तिन्हींत लोह आहे. मग पोट दुखेल नाहीतर काय!" त्या पोट धरून बसलेल्या पोरीकडे वळल्या. "काय गं, सगळ्यांच्या खात होतीस? बोलली का नाहीस?"

"तिघांनीही सांगितलं होतं ना," पोरगी खाली बघत म्हणाली, "कुणाला सांगू नकोस म्हणून."

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपलं दोघींचं गुपित हं, म्हणत तीच पोरीचा गालगुच्चा घ्यायची. आणि एवढ्यावर भागलं असतं तरी बरं. पोट दुखतंय म्हणून पोरगी सांगायला आली, तेव्हा अशक्तपणाच असणार असं ठरवून आईने एका गोळीच्या दोन केल्या होत्या. कुणाला न विचारता. दुखणं वाढलं तरी दोनच.

"नीट आठवून सांगा," डॉक्टरीणबाईंनी पेन उघडलं. "रक्त तपासायचं की नाही, ते यावरच ठरवायचंय. रोज किती द्यायचात?"

"एक," नवरा म्हणाला.

"एकच, देवाशप्पथ," सासूबाई म्हणाल्या.

"आणि आई, तुम्ही?"

आईने तोंड उघडलं. नवरा बघत होता, सासूबाई बघत होत्या.

"एकच देते आई," पोरगी पटकन म्हणाली, आणि टेबलाखाली तिने आईचा हात घट्ट दाबला.